देवघरातले बिऱ्हाडकरू

गुरुजी, गेल्या रविवारी सकाळी मी आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना हाताला धरून मतदानाला घेऊन गेलो. बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांना दोनच महिने झालेत. आमच्या गल्लीचा चढ असा आहे की वर जाताना बोलता येत नाही. इथेही मतदान शाळेतच असतं. पहिलीचा वर्ग, भिंतीवर पोरांनी रंगवलेले भोपळे आणि पिवळी पानं, आणि टेबलामागे यादी घेऊन बसलेली तीन माणसं. पोलीस नाही, ढकलाढकली नाही, बोटाला शाई नाही. बाईंनी पर्समधून ओळखपत्र काढलं. टेबलामागच्या तरुण मुलीने माझ्याकडे बघून हसत विचारलं, "आणि तुमचं पत्र?" मतदानाआधी इथे प्रत्येक मतदाराच्या घरी एक पत्र येतं, ते बरोबर न्यायचं असतं. मी म्हटलं, "मी फक्त सोबत आलोय." ती म्हणाली, "आख सो," म्हणजे अस्सं होय, आणि मला बसायला एक बुटकी खुर्ची पुढे केली. मी एकोणपन्नास वर्षांचा माणूस, पहिलीच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलो, बाईंची काठी मांडीवर आडवी धरून. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाई कागदावर फुल्या करत होत्या, त्यांचे फक्त बूट दिसत होते. तिथे बसल्या बसल्या मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. मी जर्मनीत येईन हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मी इथे एकोणीस वर्षं आहे, श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेन नावाच्या गावात, इंजिनिअर म्हणून. बायको आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. एक मुलगी आहे, ती तिकडे येना शहरात चष्म्यांच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांचं शास्त्र शिकते, माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. सध्या पितृपंधरवडा चालू आहे. आईवडिलांसाठी मी इथे जे जमेल ते करतो. गुरूसाठी काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही, म्हणून हे लिहिणं. हे मी जरा फिरवून सांगणार आहे, कारण सरळ सांगायची मला लाज वाटते.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. चर्चचा एक हॉल भाड्याने घेतात, स्टेजवर मूर्ती, खाली मोदक, वडे, मुलांचे नाच. यंदा मोठ्यांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली होती. मंडळाच्या चिटणिसाचा भाऊ अमेरिकेच्या राजधानीत राहतो. तिथल्या लोकांना त्यांच्या संसदेत मत देणारा प्रतिनिधी नाही. एक जण पाठवता येतो, तो बोलू शकतो, पण शेवटच्या मोजणीत त्याचं मत धरत नाहीत. कर मात्र सगळे भरावे लागतात. लोकांनी म्हणे आपल्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवरच ही तक्रार छापून घेतली आहे. ते ऐकून चिटणिसाने विषय ठेवला: देशाच्या राजधानीतल्या रहिवाशांना संसदेत मताचा हक्क असावा का. आपल्याकडच्यासारखीच पद्धत, डब्यात चिठ्ठ्या, जी बाजू येईल ती मांडायची. मला परीक्षक केलं, कारण मी लहानपणी तालुक्यात पहिला आलो होतो हे मीच कधीतरी फुशारकीने सांगून ठेवलं होतं. खालच्या बाईंना आम्ही गणपती बघायला बोलावलं होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, हातात मोदकाची प्लेट.

पाच-सहा जण बोलले. त्यात पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला, चाळिशीचा, आवाज असा की माईकची गरज नाही. त्याला 'नसावा' अशी चिठ्ठी आली होती. तो म्हणाला, "राजधानीत राहायला मिळणं हाच केवढा मान! वर मत कशाला? आणि ज्याला हवंच असेल मत, त्याने दोन मैल पलीकडे राहायला जावं. कुणी बांधून ठेवलंय?" हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. माझ्या हातात छापील तक्ता होता: उच्चार, सभाधीटपणा, वेळेचं भान, मुद्देसूदपणा. प्रत्येक रकान्यात मी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. बेरीज केली, पहिला आला. खरं काय आणि खोटं काय याला त्या तक्त्यात रकानाच नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. बाईंनी कोपराने ढोसून विचारलं, "तो काय म्हणाला? सगळे एवढे का हसले?" मी आनंदाने भाषांतर करून सांगितलं. बाईंनी तोंडातला घास गिळला, प्लेट मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दोन मैल पलीकडे आमच्याकडे भिंत होती."

बाई बर्लिनच्या. शहराचे दोन तुकडे झाले तेव्हा त्यांचं घर पश्चिमेच्या तुकड्यात राहिलं. जुनी राजधानी ती, आणि पुढे पुन्हा झाली. पण मधली चाळीसेक वर्षं ती कुणाची हे ठरत नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांना देशाच्या संसदेसाठी मतदानच नव्हतं. शहराची सभा आपल्यातली काही माणसं निवडून बॉनला, पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या राजधानीत, पाठवायची. ती माणसं भाषणं करायची, हातही वर करायची, पण त्यांची मतं वेगळी मोजून बाजूला ठेवायचे आणि निकालात धरायचे नाहीत. तिथे झालेले कायदे मात्र बर्लिनला बहुतेक जसेच्या तसे यायचे. बाईंनी देशासाठी पहिलं मत दिलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. एकोणीस वर्षांपैकी बारा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतो आहे, त्यांच्याकडून केक खातो आहे, आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "पण विमानाने इकडे येऊन राहता आलं असतं ना?" हे विचारताना मी अजून त्या भाषणाच्याच बाजूने होतो, बघा. त्या म्हणाल्या, "आलं असतं. माझी आई तिथे अंथरुणावर होती. तिला सोडून यायचं, फुली मारायला?" तेवढ्यात तो विजेता बक्षीस घेऊन आमच्याकडे आला. मी त्याला सांगितलं की या बाई अशा शहरातल्या आहेत. तो ओशाळला नाही. "अहो दादा, चिठ्ठीत आलं ते बोललो! उद्या उलटी चिठ्ठी आली तर उलटं बोलेन. एवढं काय मनावर घ्यायचं, मंडळाचा कॉफीचा मग मिळालाय बक्षीस, अख्खी राजधानी नाही दिली तुम्ही मला!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, गुरुजी. बाई एकट्या हसल्या नाहीत, कारण त्यांना भाषा येत नव्हती. मला येत होती आणि मी हसलो.

त्या माणसाचा मला राग आला असता तर सोपं होतं. पण तो मीच होतो. तुम्हाला ती स्पर्धा आठवत असेल. मी नववीत, पंचायत समितीचं सभागृह, पत्र्याखाली उकाडा. विषय होता, दिल्लीला स्वतःची विधानसभा असावी की नसावी. तेव्हा दिल्लीच्या लोकांना खासदार होते, पण आपल्या शहराचा कारभार ठरवणारी निवडलेली विधानसभा नव्हती. माझी चिठ्ठी निघाली 'नसावी'. आणि मी ते वाक्य टाकलं, जे मी दोन रात्री घोकलं होतं: "राजधानी हे देशाचं देवघर आहे. देवघरात कुणी बिऱ्हाड करत नाही. आणि केलंच, तर बिऱ्हाडकरूने देवघराचा कारभार सांगू नये." टाळ्या थांबेनात. मामलेदारांनी पाठ थोपटली. दिल्लीत कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तिथे मंत्री राहतात. मंत्री येतात आणि जातात. राहतात ते रस्ते झाडणारे, दवाखान्यातल्या नर्सा, बसचे ड्रायव्हर, भाजीवाले, आणि त्यांची मुलं, जी दुसरीकडची कधी नसतातच. कर घेताना त्यांना कुणी पाहुणे म्हणत नाही. मी एकाही दिल्लीकराला पाहिलं नव्हतं आणि त्यांना तीन मिनिटांत बेघर करून ताम्रपट मिळवल्यासारखा एसटीत बसून घरी आलो. तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर होतात आणि सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होतात. मला वाटलं, तुम्हाला एसटी लागते.

ते वाक्य तिथेच संपलं असतं तर मीही ते विसरलो असतो. पण आपल्या गावात नवी वस्ती होती. वर डोंगरात धरण झालं, त्यात ज्यांची गावं बुडाली त्यांतली तीसेक घरं सरकारने आपल्या गायरानावर आणून बसवली होती. त्यांची नावं मतदारयादीत होती, पण त्या यादीतलं गाव पाण्याखाली होतं. आपल्या गावच्या यादीत त्यांना घ्यायचं नाही, असा सरपंचांचा हिशेब, कारण तीस घरांची मतं म्हणजे एक अख्खा पंच. सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत नव्या वस्तीला नळ द्यायचा विषय निघाला. ती माणसं मागे चपला काढायच्या जागेवर उभी होती. सरपंचांनी मला पुढे बोलावलं. "ये रे. ते देवघराचं बोल की पुन्हा एकदा. तालुक्यानं ऐकलंय, गावानं ऐकू दे." मी टेबलावर उभा राहिलो आणि बोललो. हातवारे करून बोललो. शेवटच्या वाक्याला सरपंचांनी मागच्या माणसांकडे हात केला आणि सगळी सभा तिकडे बघून हसली. नळाचा विषय पुढच्या सभेवर गेला. नंतर कितीतरी पुढच्या सभांवर गेला. वस्तीतल्या बाया ओढ्याच्या वाळूत डोणे खणून पाणी भरत राहिल्या. त्यातला माझा वाटा किती, हे मी पुष्कळदा कमी करून पाहिलं. नववीतलं पोर, त्याला काय कळतं, असं म्हणून पाहिलं. पण टेबलावरून मला मागची माणसं दिसत होती, गुरुजी. मला कळत होतं की ते वाक्य आता कुणावर बसतंय. मला ते बसलेलं आवडलं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही मला घरून उचललंत. वडिलांना म्हणालात, "याचं अक्षर चांगलं आहे, थोडं लिहायचं काम आहे." दोन वह्या आणि एक सतरंजी घेऊन आपण नव्या वस्तीवर गेलो, घरोघर नावं लिहायला. नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, कधीपासून राहता. मी वर बघत नव्हतो. तिसऱ्या की चौथ्या घरी एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, ह्योच का त्यो भाषणवाला?" तुम्ही म्हणालात, "होय, हाच." म्हातारी आत गेली आणि पितळेचा गडवा घेऊन आली. "बस बाबा. बिऱ्हाडकरूच्या घरचं ताक चालतंय न्हवं तुला?" तिच्या सुना आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी ताक प्यालो. इतकं चांगलं ताक होतं, आणि मी ते कुणाकडे न बघता संपवलं. मग तिने नाव सांगितलं, आणि गाव कोणतं लिहायचं असं मी विचारल्यावर तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "हेच लिही."

तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडला नाहीत. परत येताना बांधावरून चालता चालता एवढंच म्हणालात, "आवाज चांगला आहे तुझा. म्हणूनच मला भीती वाटते." आणि खिशातलं तुमचं पेन मला देऊन टाकलंत. "नावं लिहायला वापर. भाषणं लिहायला नको." त्या पेनचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही. असं काही हरवलं तर कुठे हरवलं तेवढं तरी आठवायला हवं होतं.

माझ्या भाषणात एक मुद्दा होता, तो मी अजून नाकारत नाही. सगळ्या देशाचं सरकार एका शहराच्या मर्जीवर असू नये, हे बरोबर आहे. पण त्यासाठी इमारती वेगळ्या काढाव्यात, संसद, कचेऱ्या, त्यांच्यासमोरचे रस्ते. माणसं वेगळी काढू नयेत. माणसाला एकदा यादीच्या बाहेर ठेवलं की त्याला काय वाटेल ते म्हणता येतं, पाहुणा म्हणा, बिऱ्हाडकरू म्हणा, कुणी बांधून ठेवलंय म्हणा. तो उलट काही करू शकत नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना ते ठाऊक असतं. मला शिसारी येते ती त्या टाळ्यांची. ज्यांचं काहीच जात नाही अशा लोकांनी दुसऱ्याच्या हक्काचा विषय करून, जेवणाआधीचा वेळ घालवायला, डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची. आणि त्यात आम्ही! त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना या देशात मत नाही आणि आपल्या देशातल्या यादीत नाव असून तिकडे कुणी जात नाही. आम्ही ठरवत होतो राजधानीतल्या माणसांची लायकी.

आता रविवारकडे परत येतो. मत देऊन आम्ही बाहेर पडलो. बाई खुशीत होत्या, बेकरीतून कॉफी घेऊया म्हणाल्या. मला संकष्टी होती, तरी कॉफी चालते, म्हणून आम्ही बाकावर बसलो. आणि मला गणपतीतलं ते हसणं खुपत होतं, म्हणून मी जवळीक करायला गेलो. म्हटलं, "तुमचं दुःख मला कळतं. मीही तसाच. एकोणीस वर्षं इथे राहतो, कर भरतो, आणि मत नाही. आपण दोघं सारखेच." बाईंनी कप खाली ठेवला.

"नाही, हेर नाखबार," त्या म्हणाल्या. मला त्या शेजारीबुवा अशीच हाक मारतात. "ते दोन एकात मिसळू नका. आम्हाला दिलं नव्हतं. तुम्ही घेतलं नाहीत. तुमच्या बायकोने घेतलं, तुमच्या मुलीने घेतलं. तुम्हाला घेता येत होतं. मला येत नव्हतं."

मी म्हटलं, "माझ्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. तो सोपा विषय नाही."

"सोपा आहे असं मी म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "नका सोडू. तो तुमचा निर्णय, त्याचा मी मान राखीन. पण मग माझ्या शेजारी येऊन बसू नका." आणि मग लगेच, त्यांचा स्वभावच तसा, "म्हणजे इथे बसा हो, कॉफी संपवा."

खरं तर इतकी वर्षं मी तेच, मत न मिळालेल्यांच्या शेजारी जाऊन बसायचं काम, करत आलो होतो. नागरिकत्वाच्या परीक्षेचे तेहेतीस प्रश्न मी कधीच सोडवून ठेवले आहेत, दाखला कपाटात आहे, अर्जही अर्धा भरलेला. बायको दरवर्षी विचारायची, मी म्हणायचो, "आपण इथे बिऱ्हाडकरू. लोकांच्या घरात येऊन आपण कशाला मत सांगा?" हे मी मोठ्या नम्रपणे म्हणायचो, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, काय विनयी माणूस आहे. बायकोला मात्र कधी वाटलं नाही. ती म्हणाली होती, "अहो, भाडं भरता, कर भरता, कचरा चार डब्यांत वेगळा टाकता, रविवारी कुणी ड्रिल चालवलं की जाऊन भांडता, आणि मत म्हटलं की तुम्ही पाहुणे!" मुलीने फोनवर जर्मनमध्ये सांगितलं होतं की बाबा, तुम्ही देशभक्त नाही, तुम्ही आळशी आहात. त्यावर मागून तिच्या आईने म्हटलं, "गेनाऊ!", अगदी बरोबर! मी त्या दोघींवर चिडलो होतो.

त्या रविवारी चंद्रोदयाला मी पूजेला बसलो. संकल्प सोडताना म्हणतो तसं हातात पाणी घेऊन म्हणू लागलो, भरतवर्षे, भरतखंडे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, आणि तिथेच अडकलो. ज्या नदीच्या काठी आपण बसलो आहोत ती देवाला सांगायची असते. इथे खाली खोऱ्यात नेकार नावाची नदी वाहते. एकोणीस वर्षं दर चतुर्थीला मी देवाला जुना पत्ता देतो आहे. देव काही चुकणार नाही, त्याला मी कुठे आहे ते ठाऊक आहे. माझ्याच तोंडून ते निघत नव्हतं. हातातलं पाणी बोटांमधून ताम्हनात गळून गेलं आणि मी तसाच बसून राहिलो.

आता ते सांगतो, जे सांगायला मी हे सगळं फिरवलं. मी आयुष्यात कधीही मत दिलेलं नाही. इथे नाही, आणि तिथेही नाही. मी पुण्याला नोकरीला लागलो तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आलं होतं. तुम्ही लिहिलं होतं की नवी यादी छापून आली आहे, नव्या वस्तीची सगळी नावं आता आपल्या गावच्या यादीत आहेत, तुझंही नाव मी घातलं आहे, मतदानाला ये, आईच्या हातचं जेवून परत जा. मी आलो नाही. मतदानाची सुट्टी होती, आणि खोलीवरच्या मित्रांनी समुद्रावर जायचं ठरवलं होतं. हेच कारण, दुसरं कुठलंही नाही. मी दिवसभर पाण्यात खेळलो. तुम्हाला उत्तरही लिहिलं नाही. वाटलं, दिवाळीला भेटू तेव्हा काहीतरी सांगू, आजारी होतो म्हणू. दिवाळीला मी आलो तेव्हा तुम्ही तालुक्याच्या दवाखान्यात होतात, आणि मी भेटायला न येता परत गेलो, कारण तुम्ही विचाराल अशी भीती वाटली. उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आईने सांगितलं की नव्या वस्तीतली ती म्हातारी त्या मतदानाला सकाळी पहिली येऊन उभी होती, लुगडं धुवून नेसून, आणि शाळेचं दार उघडायच्या आत उन्हं अंगावर घेत बसली होती.

बिऱ्हाडकरू असणं ही तिच्यावर लादलेली गोष्ट होती. खालच्या बाईंवर लादलेली होती. अमेरिकेच्या राजधानीतल्या त्या लोकांवर अजून लादलेली आहे. मी ती अंगावर शाल घेतात तशी घेतली, आणि ऊब घेत बसलो. त्यांनी जे मागितलं ते माझ्या दारात येऊन पडलं होतं, दोनदा, आणि मी ते ओलांडून समुद्रावर गेलो.

मी मघाशी लिहीत असताना बायको चहा घेऊन आली आणि विचारलं, "कुणाला एवढं लांबलचक?" मी म्हटलं, फिनान्सआम्टला, कराच्या कचेरीला. तिने पानभर मराठी पाहिलं आणि ती चहा ठेवून गेली. हे कुठे टाकायचं नाही. तुमच्या घरी आता दुसरे लोक राहतात, त्यांनी ते वाचून काय करायचं.

परवा मी अर्धा दिवस रजा टाकून लुडविग्सबुर्गच्या लांडराट्सआम्टमध्ये, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीत गेलो आणि नागरिकत्वाचा अर्ज दिला. अर्ज मंजूर व्हायला कित्येक महिने लागतील. मग आपला पासपोर्ट परत करावा लागेल, आणि तुम्ही यादीत घातलेलं माझं नाव माझ्याच सहीने निघून जाईल, एकदाही न वापरता. ते आता दुरुस्त होण्यासारखं नाही. काचेमागच्या बाईने कागद चाळले, दाखल्यावरची जुनी तारीख पाहिली आणि विचारलं, "एवढी वर्षं थांबलात, मग आत्ता का?" मी मनात भाषण तयार करून गेलो होतो, बर्लिनचं, दिल्लीचं, हक्काचं. तोंडातून एवढंच निघालं की उशीर झाला. तिने शिक्का मारला आणि पोच दिली.

बाहेर आल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. रुमाल वरच्या खिशात ठेवून गेलो होतो. रडू आलं नाही, गुरुजी. सडकून भूक लागली होती. स्टेशनाच्या वाटेवर एका दुकानातून मी लोणी लावलेला ब्रेत्सेल, इथला पीळ घातलेला खारा पाव, घेतला आणि रस्त्यात उभ्याने खाल्ला, आणि मग आणखी एक घेतला.